इंदुरात घराची दुरुस्ती: कारीगर शोधण्यापासून शेवटचा हप्ता देईपर्यंत

चांगला कारीगर मिळत नाही, ही तक्रार रामबागेपासून सुदामा नगरपर्यंत सगळीकडे ऐकू येते. चांगले कारीगर शहरात आहेत. पण त्यांच्याकडे कामाची वानवा नसते, त्यामुळे कोणाचं काम घ्यायचं हे तेही ठरवत असतात. काम नीट समजावून सांगणारा, माप आधी घेणारा आणि ठरल्या दिवशी पैसे देणारा मालक त्यांना लगेच ओळखू येतो. बहुतेक भांडणांची सुरुवात "हे तर ठरलंच नव्हतं" या वाक्याने होते. म्हणूनच खाली सगळ्यात जास्त जागा काम सुरू होण्याआधीच्या गोष्टींना दिली आहे.

आधी दुखणं ओळखा, मग माणूस बोलवा

भिंतीला ओल आली की पहिला फोन पेंटरला जातो. तो पोपडे खरवडतो, पुट्टी भरतो, रंग देतो आणि पुढच्या पावसाळ्यात डाग पुन्हा वर येतो. पैसे मालकाचे जातात आणि नाव पेंटरचं खराब होतं, जेव्हा की दोष पाइपचा किंवा गच्चीचा असतो. ओल कुठून येते ते घरच्या घरी बरंचसं कळतं.

फरशीपासून दोन-तीन फुटांपर्यंत सलग पट्टा असेल आणि त्यावर पांढरी भुकटी दिसत असेल, तर ओल जोत्यातून वर चढते आहे. ती भुकटी म्हणजे विटांमधले क्षार. हे राजमिस्त्रीचं आणि वॉटरप्रूफिंगवाल्याचं काम आहे. छताला डाग पावसात येतो आणि उघडीप मिळाली की वाळतो, तर गच्ची बघा. बहुधा फरशी आणि कठड्याच्या भिंतीचा सांधा किंवा पाणी वाहून नेणाऱ्या पाइपचं तोंड फुटलेलं असतं. आणि बाथरूमच्या पलीकडच्या भिंतीवर बाराही महिने डाग असेल, तर रात्री झोपताना सगळे नळ बंद करून टाकीत पाण्याच्या पातळीवर खूण करा. सकाळी पातळी उतरलेली दिसली तर फ्लशच्या टाकीत खायचा रंग टाका. अर्ध्या तासात तो कमोडात उतरला तर पातळी फ्लशच्या वॉशरमुळे उतरते आहे, तो बदलून हीच तपासणी पुन्हा करा. रंग उतरला नाही तर भिंतीतली पाण्याची लाइन गळते आहे, प्लंबर बोलवा. टाकीतली पातळी जागची हललीच नाही आणि डाग मात्र आहे, तर सांडपाण्याची पाइप किंवा टाइल्सचे सांधे यांत दोष आहे. तिथे प्लंबर आणि टाइल बसवणारा दोघेही लागतील.

भेगांचं वेगळं. माळव्याची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. जुन्या बैठ्या घरांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग मे महिन्यात रुंदावते आणि पावसाळ्यात मिटते, ती यामुळे. अशी भेग नुसत्या पुट्टीने बुजत नाही. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी खूण करा, शेजारी तारीख लिहा आणि दोन-तीन महिने बघा. खुणेच्या पुढे ती सरकली, किंवा रुंदी पाच मिलिमीटरच्या वर गेली, तर मिस्त्रीच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. मिस्त्रीवर तो निर्णय टाकणं त्याच्यावरही अन्यायच आहे.

हंगाम सांभाळा

इंदूरला पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात पोचतो. गच्चीचं वॉटरप्रूफिंग मार्च ते मे या काळात करून घ्या. पहिला पाऊस पडल्यावर फोन केला तर माणूस मिळणार नाही, आणि मिळाला तरी ओल्या स्लॅबवर बहुतेक केमिकल धरत नाही. बाहेरचा रंग पाऊस संपून भिंती वाळल्यावर. दिवाळीच्या आधीचे तीन आठवडे पेंटरच्या मागे अख्खं शहर असतं, त्यामुळे त्याला गणपतीच्या सुमारास सांगून ठेवा. पितृपक्षात नवं काम न काढणारी घरं बरीच असतात, तेव्हा आतल्या कोरड्या खोल्या रंगवायच्या असतील तर त्या दिवसांत निवांत काम होतं. एसीची सर्व्हिसिंग फेब्रुवारीत.

एक गोष्ट दरवर्षी विसरली जाते. इथले कितीतरी बेलदार (मिस्त्रीच्या हाताखालचे मदतनीस) आणि मजूर झाबुआ, आलीराजपूर, धार, बडवानी या भागांतले आहेत. होळीच्या आधीच्या आठवड्यात भगोरिया हा आदिवासींचा सण-बाजार असतो आणि ते गावी जातात. पहिल्या पावसानंतर पेरणीलाही जातात. ठेकेदार "हो जाएगा" म्हणाला तरी त्या दिवसांत तोडफोड काढू नका, नाहीतर घर उघडं पडून राहील आणि राग चुकीच्या माणसावर निघेल. काम ठरवतानाच विचारा: यातले किती जण सणाला जाणार, आणि परत कधी येणार?

कुठे शोधायचं

सगळ्यात भरवशाचा दाखला म्हणजे निदान एक पावसाळा काढलेलं काम. शेजारच्या घरी मागच्या महिन्यात झालेला बाथरूम छानच दिसणार, तो दोन वर्षांचा झाला की खरं कळतं. म्हणून ओळखीच्यांना "कोणी चांगला आहे का" असं मोघम विचारू नका. "दोन-तीन वर्षांपूर्वी तुमच्याकडे कोणी केलं होतं, आणि नंतर काही बिघडलं तेव्हा बोलावल्यावर तो आला का?" असं विचारा. या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात मोलाचं.

गल्लीत बांधकाम चालू असेल तर तिथे संध्याकाळी काम सुटताना जा. मिस्त्रीशी बोला, पण त्याच्या चालू कामातून त्याला फोडू नका. जो दुसऱ्याचं काम अर्धवट टाकून तुमच्याकडे येईल, तो तुमचंही टाकून जाईल. सियागंज आणि महारानी रोडवरचे दुकानदारही नावं सुचवतात. त्यांना कोण नेमका माल मागतो आणि कोण तीन वेळा परत येतो हे ठाऊक असतं. मात्र त्या शिफारशीत कमिशन असू शकतं, हे लक्षात ठेवा. मजुरांच्या चौकातून माणूस आणायचा तो खोदाई, माल चढवणं, मलबा उतरवणं अशा कामांसाठी. तिथे उभ्या असलेल्यांत उत्तम कारीगरही असतात, पण सकाळच्या घाईत पाच मिनिटांत तुम्हाला ते ओळखता येणार नाहीत. मोबाइल अ‍ॅपवरून माणूस बोलावणं नळ बदलणं किंवा एसी धुणं अशा ठरीव दराच्या छोट्या कामांना ठीक. आठवडाभराच्या कामाला समोरासमोर बोलणंच बरं.

वायरिंग पूर्ण बदलायचं असेल किंवा मीटरचा लोड वाढवायचा असेल, तर परवानाधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरच लागतो. वीज कंपनी त्याचाच टेस्ट रिपोर्ट मागते. परवाना बघायला मागणं यात अपमान नाही, चांगला माणूस तो स्वतःहून दाखवतो.

आणि हत्यारं बघा. राजमिस्त्रीकडे ओळंबा, पाणसळ आणि लेव्हलची पारदर्शक नळी हवी. प्लंबर सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा) पाइप कटरने कापतो की करवतीने? करवतीचा कीस आत राहिला की तो थेट नळाच्या जाळीत येऊन अडकतो. इलेक्ट्रिशियनच्या पिशवीत नुसता टेस्टर पुरत नाही, मल्टिमीटर हवा. एसीवाल्याकडे व्हॅक्यूम पंप (पाइपांतली हवा आणि ओल ओढून काढणारा) नसेल तर त्याच्याकडून गॅस भरून घेऊ नका.

एसीच्या गॅसबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण इथे सगळ्यात जास्त फसवणूक होते आणि प्रामाणिक माणसावरही संशय येतो. एसीतला गॅस वापरून संपत नाही. तो कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. आधी फिल्टर आणि कॉइल धुऊन, बाहेरच्या युनिटचा पंखा बघून, मग गेज लावायचा. दाब खरंच कमी असेल तर नायट्रोजन भरून साबणाच्या फेसाने गळती शोधायची, ती बंद करायची, वीस-तीस मिनिटं व्हॅक्यूम काढायचा आणि युनिटच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस काट्यावर मोजून भरायचा. हे सगळं करायला अर्धा दिवस जातो, आणि तेवढं करणारा माणूस जास्त पैसे मागतो ते रास्त आहेत. दहा मिनिटांत "टॉप-अप" करून जाणारा स्वस्त वाटतो, पण गळती तशीच राहिल्यामुळे पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा येतो.

अंदाज मागताना

काम बघायला येणं म्हणजे त्याची अर्धी रोजी. दोन-तीन जणांना बोलवा, पण प्रत्येकाला येण्याचा खर्च विचारून द्या, निदान पेट्रोलचा तरी. काम दिलं नाही तर फोन करून तसं सांगा. एकाचा आकडा दुसऱ्याला दाखवून भाव पाडायची सवय सोडा. दर पाडून घेतलेलं काम मालातून किंवा वेळेतून वसूल होतंच. आकड्यांत फार तफावत असेल तर उलट विचारा: "तुम्ही यात काय धरलंय जे त्यांनी धरलेलं नाही?" पुष्कळदा महाग माणसाने वॉटरप्रूफिंग धरलेलं असतं आणि स्वस्ताने ते गाळलेलं असतं.

रोजावर द्यायचं की ठेक्यावर? भिंत फोडल्याशिवाय आत काय आहे ते कळणार नाही अशी दुरुस्ती रोजावर द्या. जुन्या वाड्यातली गंजलेली लाइन ठेक्यावर दिली तर कारीगर धास्तीपोटी दुप्पट सांगतो, किंवा कमी सांगून मध्येच अडकतो. रंग, टाइल्स, कपाट यांसारखं मोजता येणारं काम ठेक्यावर बरं. रोजावर असेल तर माल आणून ठेवणं तुमची जबाबदारी. एका एल्बोसाठी (पाइपच्या वळणाच्या तुकड्यासाठी) दोन माणसं दोन तास बसली तर तो वेळ त्यांचा नव्हे, तुमचा गेला. उद्याच्या मालाची यादी आज संध्याकाळी मिस्त्रीकडून लिहून घ्या.

माप दोघांनी मिळून घ्यायचं. बारा बाय दहाची, दहा फूट उंच खोली घ्या. चार भिंती ४४० चौरस फूट, छत १२०, एकूण ५६०. सात बाय तीनचं दार आणि चार बाय चारची खिडकी वजा केली तर ५२३. आता हे वजा करायचं की नाही, ते आधी ठरलेलं हवं. दाराच्या कडा आणि खिडकीच्या आतल्या बाजूही रंगवाव्या लागतात, म्हणून बरेच पेंटर उघड्या जागा वजा करत नाहीत किंवा एकाच बाजूने करतात. दोन्ही पद्धती चालतात, फक्त हा मुद्दा शेवटी काढू नका. पुट्टी दोन हातांत (थरांत) किलोला साधारण दहा ते चौदा चौरस फूट जाते, म्हणजे या खोलीला ४० किलोची एक गोणी आणि वर थोडी. पेंटर चार गोण्या सांगत असेल तर भिंत फार वाकडी आहे का ते दोघांनी मिळून पट्टी लावून बघा.

सुताराच्या बाबतीत कपाटाचा दर समोरच्या चौरस फुटावर आहे की धावत्या फुटावर (नुसत्या लांबीवर), आतले कप्पे, ड्रॉवर आणि बिजागऱ्या धरल्या आहेत की नाही, एवढं विचारा. प्लायवर आयएस ३०३ किंवा आयएस ७१० चा शिक्का बघा, ओलीच्या जागी ७१०.

एक कागद

करारनामा वगैरे शब्दांनी कारीगर बिचकतो. वहीचं एक पान पुरतं, आणि ते हिंदीत लिहा म्हणजे त्यालाही वाचता येईल. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा आणि त्याच्या फोनमध्येही फोटो असू द्या. बाथरूमच्या कामाचं पान साधारण असं हवं:

"जुनी फरशी आणि भिंतीच्या टाइल्स सात फुटांपर्यंत काढणे. मलबा पोत्यांत भरून फाटकापाशी ठेवणे, तिथून उचल मालकाची. गीझर, शॉवर, बेसिन आणि दोन नळ यांची नवी सीपीव्हीसी लाइन, दाब देऊन तपासणी. वॉटरप्रूफिंगचे दोन हात, ४८ तास पाणी भरून तपासणी. टाइल्स, ग्राउट (टाइल्सच्या सांध्यांतली भर), उतार ट्रॅपकडे (पाणी निघायच्या तोंडाकडे). कमोड आणि बेसिन बसवणे यात धरले आहे. गीझर टांगणे धरलेले नाही. सिमेंट, टाइल्स, पाइप, फिटिंग मालकाचे. हत्यारं, ब्लेड, परांची मिस्त्रीची. दोन माणसं, अकरा दिवस."

'धरलेले नाही' ही ओळ सगळ्यात जास्त वेळा राहून जाते आणि तीच नंतर सगळ्यात जास्त कामाला येते. मलब्याचं विसरू नका. रस्त्याच्या कडेला टाकलेल्या मलब्यावर इंदुरात दंड होतो, आणि तो कोणी भरायचा यावरून काम थांबतं. महापालिकेच्या ३११ अ‍ॅपवर उचलण्यासाठी सांगता येतं.

याच बाथरूमच्या टाइल्सचा हिशोब: सात बाय पाच फूट म्हणजे परिमिती २४, उंची सात, म्हणून १६८ चौरस फूट. अडीच फुटी दार वजा केलं की साधारण १५०. कापाकापीत जाणारे दहा टक्के धरून १६५ घ्या. फरशीला ३५ अधिक तेवढीच वाढ, म्हणजे ३९. सगळी खोकी एकाच बॅचची आहेत ना ते दुकानातच बघा, नंतर आणलेल्या चार टाइल्सची छटा जुळत नाही.

पैसे

माल शक्यतो स्वतः दुकानातून, स्वतःच्या नावाच्या बिलावर घ्या. मग आगाऊ रक्कम मोठी द्यावी लागत नाही. मजुरीचे हप्ते तारखेवर न बांधता कामाच्या टप्प्यांवर बांधा. वर सांगितलेल्या बाथरूमच्या कामाला असं जमतं: सुरुवातीला दहा टक्के, लाइन टाकून दाबाची तपासणी झाल्यावर पंचवीस, पाणी भरून ठेवल्यावर खाली डाग आला नाही की वीस, टाइल्स आणि ग्राउट झाल्यावर तीस, फिटिंग आणि साफसफाईनंतर दहा. उरलेले पाच टक्के महिन्याने. टप्पा संपला त्या संध्याकाळी पैसे द्या. "उद्या बघू" म्हणू नका, कारण त्याच पैशांतून त्याला बेलदाराची रोजी द्यायची असते.

महिन्यानंतरचे ते पाच टक्के ही दोन्ही बाजूंची कसोटी आहे. दोष निघाला नाही तर त्या दिवशी तुम्ही फोन करून द्यायचे. त्याने मागायची वेळ येऊ नये. शेवटची रक्कम दाबून ठेवणं, मग 'थोडं कमी करा' म्हणत घासाघीस करणं, ही कारीगरांची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात रास्त तक्रार आहे. अशा घरी चांगला माणूस दुसऱ्यांदा येत नाही, आणि ही गोष्ट त्यांच्या त्यांच्यात पसरते.

आठवड्याची 'खर्ची' वेगळी. बाहेरगावच्या मजुरांना घरखर्चाला दर आठवड्याला थोडी रोख लागते. ती कोणत्या वारी द्यायची ते ठरवा आणि त्याच कागदाच्या मागे लिहीत जा, दोघांची सही. ठेकेदाराला पैसे देता तेव्हा त्याच्या माणसांसमोर द्या आणि "यांचं सगळं मिळालं ना?" एवढं विचारा. ठेकेदाराने पैसे घेतले आणि बेलदाराला मिळाले नाहीत, असं पुष्कळ होतं.

आता कमिशन. रंगाच्या डब्यांत पेंटरसाठी टोकन असतं, प्लाय आणि चिकटद्रव्याच्या कंपन्या सुतारांना पॉइंट देतात, दुकानदार प्लंबरला काही टक्के देतो. हे झाकून ठेवण्यासारखं नाही, पण त्यामुळे गरज नसताना महाग माल सुचवला जाऊ शकतो. सोपा मार्ग असा: ब्रँड आणि प्रत तुम्ही ठरवा, मजुरी पूर्ण द्या, आणि डब्यातलं टोकन पेंटरचंच आहे हे पहिल्या दिवशी उघड सांगा. डबा तो फोडेल तेव्हा टोकनही तो घेईल. लपवायचं कारण उरलं नाही की मोकळेपणा येतो.

आणि वाढीव काम. "आलाच आहात तर एवढा नळही बघून घ्या", "जाता जाता हा खिळा". पहिला खिळा माणूस आनंदाने मारतो. पाचव्यापर्यंत त्याचा तास गेलेला असतो. कागदात नसलेल्या प्रत्येक कामाचे पैसे ते करायच्या आधी विचारा.

कोणत्या क्षणी हजर राहायचं

दिवसभर डोक्यावर उभं राहू नका. त्याने काम सुधारत नाही, हात अवघडतो. पण काही क्षण असे असतात की नंतर भिंत बंद होते, तेव्हा मात्र घरी असा.

पाइप टाकून झाल्यावर, प्लास्टरच्या आधी. पाइपच्या सांध्यांना लावलेलं चिकटद्रव्य (सॉल्व्हंट सिमेंट) डब्यावर लिहिलेल्या वेळेइतकं सुकू द्या, मग हातपंपाने सहा-सात किलोचा (दर चौरस सेंटिमीटरला) दाब द्या, गेजचा काटा निदान तासभर जागचा हलू नये. जुन्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) लाइनला जोड असेल तर ती आधी बंद करा, तिला एवढा दाब सोसणार नाही. गीझरच्या लाइनला पांढरी यूपीव्हीसी (थंड पाण्याची प्लास्टिकची पाइप) लावलेली नाही ना, बघा. गरम पाण्याने ती मऊ पडते.

वॉटरप्रूफिंगनंतर ट्रॅपचं तोंड बंद करून दोन इंच पाणी भरा, ४८ तास. खालच्या मजल्यावर जाऊन छत बघा. घाईत हाच टप्पा गाळला जातो आणि नंतर नव्या टाइल्स फोडाव्या लागतात. टाइल्स बसल्यावर बादलीभर पाणी ओता. आठ फुटांत साधारण एक इंच उतार असेल तर ते कुठे न थांबता ट्रॅपकडे जातं. दुसऱ्या दिवशी नाण्याने टाइल्स वाजवा. कोपऱ्यांत पोकळ आवाज आला तर खाली माल पूर्ण बसलेला नाही, ती टाइल तेव्हाच काढणं सोपं असतं.

प्लास्टरच्या वेळी कालवलेला माल अर्ध्या तासात संपला पाहिजे. जेवणाच्या सुट्टीत घट्ट झालेल्या मालात पाणी घालून तो परत वापरला की भिंत नखाने उकरते. नंतर सात दिवस पाणी मारणं कोणाचं काम, हेही ठरवा. बहुतेक वेळा ते मालकानेच अंगावर घ्यावं, कारण मिस्त्री रोज दोन वेळा तेवढ्यासाठी येऊ शकत नाही. सिमेंटच्या गोणीवरचा आठवडा आणि वर्ष वाचा, तीन महिन्यांपेक्षा जुनी नको. नव्या प्लास्टरवर महिनाभर तरी रंग नको.

वायरिंगला: दिव्यांना १.५ चौरस मिलिमीटर, प्लगना २.५, गीझर आणि एसीला ४, त्या दोघांना प्रत्येकी स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच). मुख्य पेटीत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारी कळ. तिचं टेस्टचं बटण इलेक्ट्रिशियन समोर असतानाच दाबून बघा.

माणूस म्हणून

वयाने मोठा मिस्त्री असो की विशीतला बेलदार, बोलताना 'आप'च. बाहेरचा रंग ४२ अंशांत भर दुपारी करून घेऊ नका. सकाळी लवकर सुरू करून बारा ते चार सुट्टी द्या, भिंतीलाही तेच बरं, तापलेल्या प्लास्टरवर रंग धरत नाही. पिण्याचं थंड पाणी, जेवायला सावलीची जागा, आणि घरातल्या ज्या संडासाला कुलूप नाही त्याचा वापर, हे पहिल्या सकाळीच दाखवा, त्यांना विचारायला लावू नका. बायका कामावर असतील तर याची फार गरज असते. चहा त्याच कपांत द्या ज्यांत तुम्ही पिता. हत्यारं रात्री ठेवायला कुलूपबंद कोपरा द्या. ती त्याची रोजी आहे.

उंचीवरच्या कामाला पट्टा आणि दोर. दुसऱ्या मजल्यावरच्या एसीच्या युनिटसाठी कठड्यावर उभं राहू देऊ नका, तो स्वतः तयार असला तरी. टाइल्स अ‍ॅसिडने धुताना खिडकी उघडी, हातमोजे घातलेले, आणि त्यावर ब्लीचिंग पावडर अजिबात नाही, दोन्ही मिळून विषारी वायू होतो. सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवू नका. संरक्षक साधनांशिवाय असं काम करून घेणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. टँकर बोलवा. चौदा वर्षांखालचं मूल कामाला आलं तर ठेकेदाराला तिथेच थांबवा.

बरेच दिवस चालणारं काम असेल तर एक छोटी गोष्ट करता येईल. प्रधानमंत्री सुरक्षा बिमा योजनेत वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा मिळतो, १८ ते ७० वयाच्या आणि बँक खातं असलेल्या कोणालाही. ज्यांचा नसेल त्यांना तेवढ्यासाठी अर्ध्या दिवसाची पगारी सुट्टी द्या. तरीही घरी अपघात झाला तर आधी दवाखाना, मग दोष कोणाचा ते.

बिनसलं तर

चूक दिसली की त्याच दिवशी, त्याच्या माणसांसमोर न ओरडता, जागेवर बोट ठेवून दाखवा. फोटो काढा. दुरुस्तीला ठरावीक मुदत द्या, ती लिहा. माल खराब निघाला तर तो तुम्ही आणलेला होता का, हेही बघा. तुमच्या मालाने फसलेल्या कामाची मजुरी त्याला मिळालीच पाहिजे. जमत नसेल आणि वेगळं व्हायचं ठरलं, तर झालेलं काम दोघांनी मिळून मोजा, त्याचे पैसे पूर्ण द्या आणि कागदावर 'हिशोब चुकता' लिहून दोघांनी सही करा. हत्यारं अडकवून ठेवू नका. पैसे घेऊन गायब झालेल्या ठेकेदारासाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, तिथे तो कागद आणि पैसे दिल्याच्या नोंदी लागतील.

काम झाल्यावर

भिंत बंद होण्याआधी पाइप आणि वायरचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी उघडी धरून, फरशीपासूनची उंची वाचता येईल अशी. पुढे कोणी ड्रिल मारायला आला की त्याला हे आधी दाखवता येतात. काम आवडलं असेल तर शेजाऱ्यांना त्याचं नाव आणि दर दोन्ही सांगा, म्हणजे त्याला तिथे शून्यापासून घासाघीस करावी लागत नाही. पण त्याचा नंबर त्याला विचारूनच द्या. रंगाचा शेड नंबर डब्याच्या झाकणावर असतो. डबा टाकण्याआधी तो मीटरच्या पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहा, आणि उरलेला रंग घट्ट बंद करून सावलीत ठेवा.